मवाळ, जहाल आणि तक्तेसाहेबांची हनुवटी

"माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या हनुवटीपासून सुरू होतं," असं तक्तेसाहेबांनी रविवारी सकाळी साडेआठ वाजता घरातल्या सर्वांना उद्देशून जाहीर केलं.

घरातले सर्व म्हणजे त्यांची बायको आणि मुलगी. बायको म्हणाली, "बरं. पण बेसिनमध्ये केस सोडू नका, जाळी तुंबते." मुलीच्या कानात इअरफोन असल्यामुळे तिच्यापर्यंत घोषणा पोचलीच नाही. इतिहासातल्या बऱ्याच घोषणांचं असंच झालं असणार. फरक इतकाच, की तिथे लिहून घ्यायला कुणीतरी बसलेलं असे.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात होते आणि गेली बावीस वर्षं टाचणीपासून जनरेटरपर्यंत जे काही त्या कार्यालयात आलं, ते त्यांच्या तुलनात्मक तक्त्यातून गाळूनच आलं. तीन दरपत्रकं, नऊ रकाने, खाली शेरा. त्यांचं खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. या बावीस वर्षांत त्यांची एकही गैरहजेरी लागलेली नव्हती. कुणाकडे पदकं असतात, कुणाकडे मूळव्याध असते. तक्तेसाहेबांकडे हजेरीपट होता.

स्वातंत्र्याचा विषय निघाला तो एका दांड्यामुळे. त्यांच्याकडे पाच पात्यांचा एक प्लॅस्टिकचा रेझर होता. त्याचं डोकं झिजलं की नवीन डोकं आणून बसवायचं. शनिवारी ते नेहमीप्रमाणे औषधांच्या दुकानात डोकं आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "ते मॉडेल बंद झालं. आता सहा पात्यांचं येतं. ते तुमच्या दांड्यावर नाही बसणार."

"पण दांडा तर चांगला आहे," तक्तेसाहेब म्हणाले.

"दांड्याला कोण विचारतो हो, साहेब?"

हे वाक्य तक्तेसाहेबांना उगीचच लागलं. बावीस वर्षांत चार साहेब बदलले, पाचवे बसले होते, आणि दांडा तोच. घरी येऊन त्यांनी विचार केला, सबंध रात्र अंथरुणात कूस बदलत केला, आणि रविवारी सकाळी निर्णय सांगितला : यापुढे डोक्यांची गुलामी नाही. धातूचा, जन्मभर पुरणारा, दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घ्यायचा. ब्रश घ्यायचा. साबणाचा फेस करायचा. आणि तो रेझर स्वतः निवडायचा.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"त्यात काय झालं?"

मुलीने एका कानातला इअरफोन काढला. महत्त्वाच्या बातम्या तिला बरोबर ऐकू येत. "बाबा, या घरात तुम्ही स्वतः निवडलेली एक वस्तू दाखवा. एकच."

तक्तेसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. पडदे बायकोने निवडलेले. सोफा मेहुण्याने. अंगातला शर्ट बायकोने, चष्म्याची फ्रेम मुलीने. शेवटी त्यांची नजर एका जागी स्थिरावली आणि चेहरा उजळला. "तुझी आई!"

"मला तुमच्या थोरल्या बहिणीने निवडलं," बायको पोळपाट पुसत म्हणाली. "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, आणखी दोन स्थळं बघून मग कळवतो."

तेव्हा प्रश्न आता नुसत्या दाढीचा राहिला नव्हता. प्रश्न असा होता, की दुसऱ्यांसाठी सबंध कार्यालय निवडून देणारा माणूस स्वतःसाठी एक रेझर निवडू शकतो की नाही. मुदतही ठरलेली होती. कार्यालयात चेहरा ओळखणारं हजेरी यंत्र बसलं होतं आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या चेहऱ्यांची नोंद होणार होती. त्या नोंदीत आपला चेहरा स्वच्छ, गुळगुळीत आणि स्वतः निवडलेल्या रेझरने केलेला असावा, अशी त्यांची इच्छा. हातात पुरता आठवडा होता. आठवड्यात तर लोक पूल उभारतात. अर्थात, जे पूल उभारतात त्यांना खरेदी विभागातून जावं लागत नाही.

आणि इथेच त्यांच्या हातून ती चूक झाली, जी पृथ्वीच्या पाठीवर फक्त खरेदी विभागातला माणूसच करू शकतो.

नियम असा आहे, की जुनी वस्तू निर्लेखित झाल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून काढून बाद झाल्याशिवाय, नव्या वस्तूची मागणी करता येत नाही. आणि बाद केलेली वस्तू पुन्हा वापरात येणार नाही अशी तिची अवस्था करून टाकावी लागते. नाहीतर लोक बाद केलेल्या खुर्च्या घरी नेऊन वर्षानुवर्षं त्यांवर बसतात. तक्तेसाहेबांनी मुलीच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं, त्यावर "प्लॅस्टिक रेझर, नग एक, दुरुस्तीपलीकडे" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि रेझरची मान मोडली. कट्कन आवाज झाला.

"अहो, नवा येईपर्यंत तरी ठेवायचा होतात!" बायको म्हणाली.

"प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया," तक्तेसाहेब म्हणाले. त्यांचा हात नकळत गालावर गेला. शनिवारी सकाळी केलेली दाढी होती. गाल अजून ठीक होता.

संध्याकाळी ते बाजारात एका जुन्या कात्र्या-सुऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदार नाकावर चष्मा आणि कानावर पेन्सिल ठेवून बसला होता. त्याने काचेच्या कपाटातून तीन डब्या काढून मखमलीच्या तुकड्यावर मांडल्या.

"पहिल्यांदाच का?" त्याने विचारलं.

तक्तेसाहेबांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हा प्रश्न थोडा अपमानास्पद वाटला. "या पद्धतीने पहिल्यांदा," ते म्हणाले.

"मग समजून घ्या. हा पहिला मवाळ. पातं आत दबलेलं असतं, चुकून कापणार नाही, पण दोनतीनदा फिरवावा लागतो. हा दुसरा जहाल. याच्या पट्टीला दाते आहेत, बघा, पातं बाहेर डोकावतं. एका फटक्यात गाल साफ. फक्त हाताची खात्री पाहिजे. आणि हा तिसरा परिस्थितीप्रमाणे. खाली चक्री आहे, एकपासून नऊपर्यंत. एकवर मवाळ, नवावर जहाल."

"म्हणजे याचं स्वतःचं असं काही मत नाही," तक्तेसाहेब म्हणाले.

"साहेब, तोच सगळ्यात जास्त खपतो."

तक्तेसाहेबांनी तिन्ही हातात घेऊन पाहिले. मवाळाचा दांडा आखूड आणि जाडसर होता, तळहातात बसला की जुन्या ओळखीच्या माणसाने हात धरावा तसा वाटे. पण वाटण्याला तक्त्यात रकाना नव्हता. त्यांनी खिशातून पेन काढलं. "तिन्हींची वैशिष्ट्यं लेखी मिळतील? वजन, लांबी, पात्याचा कोन, खाली आपला शिक्का?"

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "साहेब, दाढी करायचीय की धरण बांधायचंय?"

पण माणूस जुन्या वळणाचा होता. त्याने कागदावर लिहून दिलं. शिक्का मात्र "कात्रीला धार लावून मिळेल" असा होता.

सोमवारी घरी तक्ता तयार झाला. मंगळवारी त्याच्यावर चर्चा सुरू झाली, कारण तक्तेसाहेबांनी जिन्यात उभं राहून तो वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवण्याची चूक केली. डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. समोरच्या माणसाला आधी तोंड उघडायला सांगायचं आणि मग विषय विचारायचा, ही सवय त्यांची निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

"तीस अंश!" डॉक्टर म्हणाले. "सगळा खेळ तीस अंशांचा आहे. पातं गालाशी तीस अंशांत धरायचं, दाब शून्य. रेझरचं वजनच काम करतं. तुम्ही नवखे आहात, मवाळच घ्या. आ करा बघू."

"कशाला?"

"गाल ताणला की कसा दिसतो ते बघतो."

तक्तेसाहेबांनी जिन्यात आ केला. डॉक्टरांनी आत बघितलं, गंभीर झाले आणि म्हणाले, "दाढीचं नंतर बघू. ती डावीकडची दाढ कधीची आहे?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक वर येत होते. प्राध्यापकांची दाढी छातीपर्यंत होती आणि गेल्या तीस वर्षांत तिला रेझरचा स्पर्श झालेला नव्हता. त्यामुळे या विषयावर त्यांच्याकडे निखळ, अनुभवाने न डागाळलेलं ज्ञान होतं. ते म्हणाले, "मवाळ? छे! मवाळाने कधी काही साध्य झालंय? अर्ज, विनंत्या, परत तेच केस. रेझर जहालच हवा."

"आणि गालाचं काय?" डॉक्टर म्हणाले.

"त्याग करावा लागतो."

"त्याग यांच्या गालाने करायचा आणि तुम्ही दाढीमागून बघणार!"

"दाढी ही माझी भूमिका आहे, डॉक्टर. लपण्याची जागा नव्हे."

"भूमिकेत काल शेव अडकली होती तुमच्या."

यानंतर दोघेही तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. पण दोघेही दिवसातून दोनदा तक्तेसाहेबांशी बोलायला येत. एक चढून, एक उतरून. बुधवारी डॉक्टरांनी कोनमापक आणून दिलं. गुरुवारी प्राध्यापकांनी पातं आणि मानवी निर्भयता यांच्या संबंधावर अकरा पानांचं टिपण दिलं. तक्त्यात रकाने वाढून चौदा झाले. गुणांची बेरीज केली, तर मवाळ एक्काहत्तर, जहाल एक्काहत्तर आणि परिस्थितीप्रमाणे एक्काहत्तर.

"मग सलूनमध्ये जाऊन या की तोवर," बायको म्हणाली. "आरशात बघितलंत का?"

"निविदा चालू असताना बाहेरून सेवा घेतली की प्रक्रियेला बाधा येते."

"आणि समजा मी विचारलं, की यातला तुम्हाला आवडला कुठला?"

तक्तेसाहेब थबकले. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला असेल. मागच्या बाजूला मुलीचं गणित होतं.

दरम्यान दाढी आपल्या गतीने वाढत होती. तिला कुणाची मंजुरी लागत नव्हती. डाव्या गालावर ती जोमात होती, उजव्या गालावर नाराज, आणि हनुवटीखाली एक पांढरा पुंजका असा काही आला होता, की दुरून बघणाऱ्याला वाटावं, साहेबांनी दही खाल्लंय. कार्यालयात कुजबुज सुरू झाली. आस्थापना शाखेच्या बाई अठरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत. त्यांनी डबा खाताना आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"वहिनी आहेत ना इथेच?"

"कुठे जाणार?"

"नाही, म्हटलं माहेरी वगैरे." बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाजी निःशब्दपणे त्यांच्या डब्यात घातली. आठ महिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडून राहिलेली एक फाईल त्या दुपारी सहीसकट परत आली, वर "काळजी घ्या" असा शेरा. बावीस वर्षांच्या चोख कामाने जे झालं नव्हतं, ते पाच दिवसांच्या दाढीने करून दाखवलं.

आणि मग शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, सोमवारी यायचा तो यंत्राचा तंत्रज्ञ हजर झाला. सोमवारी त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. "चला, एकेकाने समोर या, हसू नका, चष्मा काढा."

तक्तेसाहेब उठले ते थेट पाठीमागच्या जिन्याकडे. कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत सात मिनिटं, दाढीला दहा मिनिटं, परतीला सात. प्रक्रियेला आलेली बाधा नंतर टिपणी लिहून नियमित करता आली असती. पण आस्थापनाबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. त्यांना वाटलं, माणूस गच्चीकडे निघालाय. "असं काही करू नका हो!" म्हणत त्यांनी त्यांचा दंड धरला आणि हळुवार हाताने, समजूत काढत काढत, यंत्रापुढे आणून उभं केलं.

यंत्राने त्यांच्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला. "नोंद पूर्ण," यंत्र म्हणालं. डावीकडे जोम, उजवीकडे नाराजी आणि हनुवटीखाली दही, अशा त्या चेहऱ्यावर तक्तेसाहेब म्हणून कायमचं शिक्कामोर्तब झालं.

त्या संध्याकाळी तक्तेसाहेब घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. समोर चौदा रकान्यांचा तक्ता होता. खालून प्राध्यापक खाकरत होते, वरून डॉक्टर चपला वाजवत होते. तक्तेसाहेबांनी तक्ता उचलला, एक घडी घातली, दुसरी घातली आणि लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल बावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ उभं राहिलं.

"मला तो आखूड दांड्याचा आवडलाय," ते म्हणाले.

"का?" मुलीने विचारलं.

"हातात बरा वाटतो."

 बायकोने न मागता चहा ठेवला.

शनिवारी मवाळ घरी आला. सोबत ब्रश, साबणाची वाटी, पात्यांचं पाकीट आणि तुरटीचा खडा. रविवारी सकाळी सात वाजता तक्तेसाहेब न्हाणीघरात शिरले. फेस करण्याचं काम त्यांनी कमी लेखलं होतं. पहिल्या वेळी पाणी जास्त झालं, फेस मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून बनियनमध्ये गेला. दुसऱ्या वेळी पाणी कमी पडलं, ब्रश गालाला चिकटला. तिसऱ्या वेळी मात्र असा काही फेस जमला, की आरशात फक्त दोन डोळे आणि त्यांच्याखाली एक ढग दिसत होता. रेझर उघडायला गेले तर तो तीन तुकड्यांत सुटा झाला. एक तुकडा जाळीत अडकला. तो काढायला मुलीला हाक मारावी लागली. ती आली, ढगाकडे बघून खाली बसली आणि पाच मिनिटं तिला उठताच येईना.

"बाबा, फोटो काढू?"

"आधी तो तुकडा काढ!"

पण मग पहिला हात फिरला. तीस अंश, दाब शून्य. गालावरून बारीक खर्र असा आवाज आला, वाळलेल्या पानांवरून केरसुणी फिरावी तसा, आणि ढगात स्वच्छ गालाचा एक रस्ता तयार झाला. तक्तेसाहेबांनी श्वास रोखला. दुसरा रस्ता. तिसरा. कानाखाली एकदा, हनुवटीवर दोनदा आणि ओठावर एकदा कापलं. तिथे वर्तमानपत्राचे चार चिटोरे लागले, त्यातला एक छोट्या जाहिरातींचा होता. तुरटी लावल्यावर त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून डॉक्टर वरून ओरडले, "कोन चुकला!" आणि प्राध्यापक खालून ओरडले, "जहाल घेतला असतात तर एकदाच ओरडला असतात!"

तक्तेसाहेबांना काही ऐकू गेलं नाही. ते बाहेर आले, चिटोऱ्यांसकट, आणि त्यांनी गाल पुढे केला. बायकोने ओल्या हाताच्या पाठीने तो चाचपला. "अगंबाई," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण पंचवीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या कुठल्याही गोष्टीला "अगंबाई" म्हटलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी, आपल्याच निवडीने गुळगुळीत झालेला तो गाल घेऊन, तक्तेसाहेब यंत्रापुढे उभे राहिले.

"ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं.

ते मागे सरकले, पुढे आले, डावा गाल दिला, उजवा गाल दिला. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं. मागे रांग लागली. आस्थापनाबाई धावत आल्या.

"बाई, तुम्ही सांगा याला, मी कोण आहे ते."

"मी ओळखते हो तुम्हाला," बाई कळवळून म्हणाल्या. "पण माझ्या ओळखण्याला शुक्रवारपासून काही किंमत राहिलेली नाही."

साडेदहा वाजता यंत्राने त्यांची गैरहजेरी लावली. बावीस वर्षांतली पहिली. ते त्या वेळी यंत्रापासून चार फुटांवर उभे होते.

"चेहऱ्याची नोंद बदलून घ्या," ते म्हणाले. 

"तंत्रज्ञ तीन महिन्यांतून एकदाच येतो. करारात तसंच आहे."

"असला करार केला कुणी?"

बाईंनी कपाटातून फाईल काढली आणि त्यांच्यापुढे उघडली. तीन दरपत्रकं, नऊ रकाने. "सेवा तिमाही असली तरी पुरेशी आहे" असा शेरा, आणि त्याखाली एक टपोरी, वळणदार, अत्यंत परिचित सही. तक्तेसाहेबांनी ती बराच वेळ बघितली. अक्षर खरोखर चांगलं होतं.

त्या संध्याकाळी घरात सुतक पाळलं जात होतं. नऊ वाजता मुलगी उठली. "बाबा, यंत्राला दाढीच हवी आहे ना?" तिने आपली भुवया कोरायची पेन्सिल आणली. मंगळवारी सकाळी तिने फोनवरच्या, गेल्या आठवड्यातल्या फोटोत बघून बाबांच्या गालावर एकेक केस रेखाटला. डावीकडे जोम, उजवीकडे नाराजी. हनुवटीखालच्या दह्यासाठी टूथपेस्ट वापरली. तक्तेसाहेब छत्री आडवी धरून, मान ताठ ठेवून कार्यालयात गेले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. लोक बघत होते. यंत्रानेही बघितलं.

"सुप्रभात," यंत्र म्हणालं. हिरवा दिवा.

तक्तेसाहेबांनी आनंदाच्या भरात खिशातला रुमाल काढून खसखसून तोंड पुसलं.

परिणाम त्यांना सव्वासहाला कळला, जेव्हा घरी निघताना यंत्राने त्यांना पुन्हा ओळखलं नाही. मुलीची पेन्सिल तिच्याबरोबर कॉलेजात होती. म्हणजे नोंदीप्रमाणे तक्तेसाहेब मंगळवारी सकाळी आत आले होते आणि बाहेर गेलेच नव्हते. बुधवारी ते पेन्सिलीने नव्याने दाढी रंगवून गेले, पण यंत्रासमोर जायचं धाडस होईना. जे आत आहेत ते आत येणार कसे? आणि आज पुन्हा पुसलं गेलं, तर? ते टेबलाशी बसून काम करत राहिले. गुरुवारी वरिष्ठ कार्यालयातून पत्र आलं : "आपल्या खरेदी विभागातील एक कर्मचारी सलग दोन दिवस कार्यालयाबाहेर पडलेला नाही. कारण कळवावे. तसेच त्याच्या जेवणाची व्यवस्था कोणी केली, तेही कळवावे."

शुक्रवारी सकाळी एक नवल घडलं. रविवारच्या त्या सुंदर दाढीवर पाच दिवसांचं खरंखुरं पीक आलं होतं. डाव्या गालावर जोम, उजव्या गालावर नाराजी, हनुवटीखाली दही. तक्तेसाहेब केवळ चिडून यंत्रासमोर उभे राहिले आणि त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"धन्यवाद. उद्या भेटू," यंत्र म्हणालं. हिरवा दिवा. बहात्तर तासांनंतर तक्तेसाहेब अखेर घरी गेले होते, आणि त्याच क्षणी कामावर आले होते.

आस्थापनाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि नियमांचं पुस्तक काढलं. तासाभराने त्यांचा चेहरा असा फुलला, की आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोक उठून आले.

"हे बघा. सोमवारी तुम्ही हजर होतात, पण नोंद आहे गैरहजेरीची. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत रात्री तुम्ही इथे नव्हतात, पण नोंद आहे हजेरीची. जादा काम केलं की बदली सुट्टी मिळते. ती सुट्टी मी तुम्हाला गेल्या सोमवारी देते."

"पण बाई, यातलं काहीच घडलेलं नाही."

"म्हणूनच तर बरोबर जुळतंय!"

अशा रीतीने एका न झालेल्या गैरहजेरीत एक न झालेली हजेरी वळती झाली आणि बावीस वर्षांचा हजेरीपट पुन्हा निष्कलंक झाला. मोठ्या साहेबांनी सही करताना फक्त एक अट घातली. तंत्रज्ञ पुढच्या वेळी येईपर्यंत, म्हणजे तीन महिने, हा चेहरा आहे असाच राहिला पाहिजे. एक केस इकडचा तिकडे नको. कोपऱ्यावरचा सलूनवाला दर चार दिवसांनी मशीन फिरवून दाढी बरोबर तेवढीच ठेवून देईल, अशी व्यवस्था झाली. तो म्हणाला, हल्ली पोरं पैसे देऊन हेच करून घेतात.

मुलगी म्हणाली, "बाबा, भारी दिसता." प्राध्यापक जिन्यात भेटले की आपल्यातला एक समजून मान लववू लागले. डॉक्टरांनी शेवटी तक्तेसाहेबांना ती डावीकडची दाढ काढून घ्यायला लावली.

मवाळ मात्र न्हाणीघरातल्या फळीवर आपल्या डबीत पडून होता. तक्तेसाहेब रोज सकाळी डबी उघडत, दांडा एकदा तळहातात धरून बघत आणि परत ठेवत. त्यांनी आयुष्यात स्वतः निवडलेली ती एकमेव वस्तू होती, आणि ती अगदी बरोबर निवडली होती, याबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती.

पंधरा दिवसांनी, थंडी पडायला लागली तेव्हा, ते असेच डबी उघडून उभे होते. दारात बायको आली. तिच्या हातात तिचा जुना निळा स्वेटर होता.

"अहो, तुमचा तो रेझर अगदीच हलक्या हाताचा आहे ना? कापत नाही म्हणता ना?"

तक्तेसाहेबांची छाती भरून आली. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याची चौकशी केली होती. "मुळीच कापत नाही," ते म्हणाले. "तीस अंशांत धरायचा, दाब शून्य. का गं?"

"मग द्या बघू जरा," ती म्हणाली. "स्वेटरवरचे गोळे काढायचेत. आणि हो, पातं जुनंच असू दे. नवं कशाला वाया घालवायचं?"